पाहुण्याचा घास

फार फार पूर्वीची गोष्ट. तेव्हा माणसं पायी चालत आणि बातम्याही त्यांच्याच पायांनी चालत. त्यामुळे बातमी गावात पोचेपर्यंत दमून जाई, आणि वाटेत भेटलेल्या प्रत्येकाने तिच्या अंगावर एकेक दागिना चढवलेला असे.

त्या काळी जिथे तीन घाटवाटा एकत्र येत, तिथे तिवाट नावाचं नगर होतं. एका वाटेने समुद्राकडची माणसं येत, दुसरीने वाळवंटाकडची, तिसरीने पठारावरची. तिवाटचे लोक पाहुणचाराला मोठे. दारात आलेल्याला पाणी आणि गूळ मिळे, पाठ टेकायला जागा मिळे, आणि एक मान असा मिळे की जो दुसऱ्या कुठल्याच नगरात नव्हता. घरात तान्हं मूल असेल, तर पाहुण्याने आपल्या मुलखातला एक घास त्याला आपल्या हाताने भरवायचा. याला म्हणायचे पाहुण्याचा घास.

ही रीत पडली कशी, तेही सांगतो. एका दुष्काळात तिवाटमधलं एक मूल भुकेने रडत होतं. आईच्या अंगावरचं दूध आटलं होतं आणि घरातले डबे रिकामे होते. एक वाटसरू ओट्यावर बसला होता. त्याने आपली शिदोरी सोडली, मूठभर भात कोमट पाण्यात कुस्करला आणि त्या मुलाला भरवला. स्वतः उपाशीपोटी पुढच्या वाटेला लागला. मूल वाचलं. तेव्हापासून तिवाटने पाहुण्याच्या हाताला देवाचा हात मानलं.

लहानांनो, आणि लहानांच्या शेजारी बसून कान देणाऱ्या मोठ्यांनो, त्या पहिल्या घासात काय होतं ते लक्षात ठेवा. मऊ भात होता. बाकी काही नव्हतं. तिवाटच्या लोकांनी पाहुणा लक्षात ठेवला, त्याचा हात लक्षात ठेवला, आणि भात तेवढा विसरले.

पुढे दिवस बरे आले, वाटांवर वर्दळ वाढली आणि घास वाढले. प्रत्येक घासाची खूण म्हणून पाळण्याला एक रंगीत दोरा बांधायची पद्धत सुरू झाली. ज्या पाळण्याला दोरे जास्त, त्या घराची ऐट जास्त. बायका एकमेकींकडे गेल्या की आधी पाळण्याकडे पाहत आणि मग, जमलं तर, पाळण्यातल्या बाळाकडे.

आता नुसत्या दोऱ्यावर भागेना. घास कुठला, हेही मोजू लागले. भाताचा घास? तो तर आमच्याही घरी शिजतो, असं म्हणून नाकं मुरडली जाऊ लागली. वेशीवरच्या धर्मशाळेचा राखणदार हुशार होता. येणाऱ्या पाहुण्याला तो आधीच कानात सांगून ठेवी, की साधं काही नेऊ नका, या गावात साधं नेलं तर अपमान धरतात. पाहुणे बिचारे आपली गाठोडी उचकत आणि त्यातलं सगळ्यात नवलाचं काय ते शोधून काढत.

मग काय विचारता. एका वर्षी उंटिणीच्या दुधाची घट्ट साय आली. पुढच्या वर्षी कुणीतरी म्हणालं, साय जड. म्हणून साय बंद झाली आणि शिंपल्यांचं भस्म सुरू झालं. त्यानंतरच्या वर्षी फक्त पांढरं अन्न. डाळ पिवळी म्हणून वर्ज्य, भोपळा नारिंगी म्हणून वर्ज्य. भोपळ्याने कुणाचं काय बिघडवलं होतं, हे कुणी विचारलं नाही. मग एका कडू मुळीचा अर्क आला. त्याने म्हणे बुद्धी तल्लख होते. ज्या मोठ्यांनी तो अर्क तान्ह्यांना पाजला त्यांचीच बुद्धी आधी तपासायला हवी होती, पण तसं करायला कुणाला सवड नव्हती. पुढच्या पाहुण्याची वाट पाहायची होती.

आणि बाळं? बाळं वाळत होती. कुणाचं पोट फुगे, कुणाचं चालू होई, कुणी घरच्या पेजेकडे पाहून मान फिरवी. आयाबाया म्हणत, दात येताहेत. दात आले तरी तेच म्हणत.

या नगरात नगरशेठ होता आणि त्याची एक थोरली बहीण होती. ती लहान वयात विधवा होऊन माहेरी आली आणि इथलीच झाली. सगळं गाव तिला आत्याबाई म्हणे. तिच्या जिभेला विळीची धार होती, म्हणून लोक तिच्याशी बोलताना बोटं सांभाळून बोलत. तरी एक मान गावाने तिला आपणहून दिला होता. तो मांडीचा मान. पाहुणा घास भरवी तेव्हा मूल तिच्या मांडीवर असे. तिची मांडी ऐसपैस होती आणि हात घट्ट होते. मुलाने तोंड उघडलं नाही, तर मांडीवालीने दोन बोटांनी गाल दाबायचे, ओठ आपोआप सुटत. आत्याबाईने असे पुष्कळ गाल दाबले होते. रीतच होती ती.

नगरशेठला उशिरा मुलगी झाली. सगुणा तिचं नाव. मोठे पाहुणे सगळे नगरशेठकडेच उतरत, त्यामुळे तिच्या पाळण्याला एवढे दोरे झाले की पाळणा दिसेना. आणि हळूहळू, पाळण्यात सगुणाही दिसेना. वर्षाची व्हायला आली तरी बसवली की कलंडे. हसणं विसरली. आणि एक नवीनच गोष्ट ती शिकली. कुणाचाही हात चेहऱ्याजवळ आला की ओठ घट्ट मिटून मान फिरवायची. एकदा नगरशेठ तिच्या गालावरून हात फिरवायला वाकला, तर त्याला पाहूनही तिने तोंड मिटून घेतलं. बापाचा हातसुद्धा तिला घासच वाटला.

नगरशेठ हसला. म्हणाला, पोरगी मानी निघणार.

आत्याबाई हसली नाही. तिने सगुणाला मांडीवर घेतलं होतं आणि मांडीला काही कळलं होतं, पण त्या दिवशी ती बोलली नाही.

अशात बातमी आली, अर्थातच दागिने घालून आली, की पठारावरच्या राज्याचा सेनापती तिवाटला येतोय. तो माणूस असा अवाढव्य, की दारातून आत जाताना त्याला वाकावं लागे आणि बाहेर येताना दारानेच बाजूला व्हावं असं बघणाऱ्याला वाटे. त्याच्या मुलखात तान्ह्यांना वज्रलाडू देतात, म्हणूनच तिथे असे वीर निपजतात, असं धर्मशाळेपासून पाणवठ्यापर्यंत सगळे छातीठोक सांगू लागले. कुणी पाहिला होता हा लाडू? कुणीच नाही. कुणाचं मूल खाऊन वाढलं होतं? नाव कुणालाच सांगता येईना. पण खात्री मात्र सगळ्यांची होती. खात्रीला पुरावा लागत नाही, गर्दी लागते.

समोरच्या घरातली सरदारीणबाई तर सकाळीच येऊन सांगून गेली, की एवढा घास सगुणाला मिळू दे, आधीचं सगळं भरून निघेल. आणि एक तुकडा माझ्या नातवासाठी राखून ठेवा. तिच्या नातवाच्या पाळण्याला सगुणाच्या खालोखाल दोरे होते. ते अंतर तिला रोज टोचे.

ती गेल्यावर आत्याबाई स्वयंपाकघरात शिरली. तिची भावजय चुलीपुढे बसली होती. मुगाची डाळ घातलेला भात रटरटत होता आणि ती नुसतीच त्याकडे पाहत होती.

"वन्सं," ती हळूच म्हणाली, "काल दिवसभरात तिने तोंड उघडलं ते फक्त रडायला."

"तुझं दूध मागते?"

"मागते. पण सगळ्या म्हणतात, आता त्यात काय दम राहिलाय."

"तुझ्या दुधासाठी पाळण्याला कुणी दोरा बांधत नाही," आत्याबाई म्हणाली. "एवढाच त्याचा दोष. आणि या भाताचाही."

भावजयीने पदराने डोळे टिपले. म्हणाली, यांना कोण सांगणार? सेनापतीच्या राज्यातून तिसरी वाट जाते. तो रुसला तर वाट बंद होईल, आणि पाहुण्यांचं घर म्हणून या घराचं जे नाव आहे तेही जाईल.

आत्याबाई भावाकडे गेली. तो अंगणात सतरंज्या अंथरून घेत होता. तिने त्याला सांगितलं, आजचा घास राहू दे. पोर खंगली आहे. त्याने आधी ऐकून घेतलं, मग समजूत घातली, मग जरा आवाज चढवला. पाहुण्याचा हात आजवर या घराने परतवलेला नाही, असं म्हणाला. आणि शेवटी अजिजीने म्हणाला, "अक्का, एकच घास. एका घासाने काय होणार?"

"हे तू प्रत्येक घासाला म्हणतोस," ती म्हणाली.

पण सनईवाल्यांनी सूर धरला होता. बोलणं तिथेच राहिलं.

दुपारी अंगण भरलं. गावातले मानकरी होते, बायका होत्या, आणि त्या दिवशी नगरात मुक्कामाला असलेले वाळवंटाकडचे आणि समुद्राकडचे व्यापारीही होते. यातल्या बहुतेकांचे दोरे सगुणाच्या पाळण्याला होते. मधोमध पाटावर आत्याबाई बसली. मांडीवर सगुणा. समोर सेनापती आला, गुडघे मोडून बसला, तरी तो उभाच आहे असं वाटत होतं.

त्याने चांदीची डबी उघडली. आत सुपारीएवढे लाडू होते, सोन्याचा वर्ख लावलेले. त्याने एक उचलला तेव्हा तो डबीच्या कडेला लागला आणि खण्ण असा आवाज झाला. दगड आपटावा तसा. अंगणात कौतुकाचा हुंकार उठला. वज्र म्हणतात ते उगीच नाही, असं कुणीतरी म्हणालं.

सगुणाला पुढचे दोन दात तेवढे आले होते.

सेनापतीचा हात पुढे आला. सगुणाने ओठ मिटले, डोळे मिटले आणि तोंड आत्याबाईच्या कुशीत खुपसलं. रडली नाही. रडायचं म्हणजे तोंड उघडावं लागतं, हे ती शिकली होती.

सगळे आत्याबाईच्या दोन बोटांकडे पाहू लागले.

आत्याबाईने हात उचलला. आणि गाल दाबण्याऐवजी आपला तळवा सगुणाच्या तोंडावर आडवा धरला, दाराला अडसर घालावा तसा.

"सेनापती," ती म्हणाली, "हात थोडा थांबवा. तुमच्या घरी तान्ही पोरं आहेत?"

सेनापती गोंधळून म्हणाला, नातवंडं आहेत, दोन.

"त्यांना यातला लाडू कधी दिलात?"

"अक्का," नगरशेठ दातओठ खात म्हणाला, "पाहुण्याची उलटतपासणी करायची नसते."

"पाहुण्याची नाही करत. लाडवाची करतेय."

आता सरदारीणबाईला राहवेना. ती बायकांच्या घोळक्यातून पुढे आली आणि जे बोलू नये ते बोलली. म्हणाली, "आत्याबाई, ज्यांनी पाळणा हलवलाय त्यांना हे ठरवू द्या. तुम्हाला मूल नाही, तुम्हाला काय कळणार?"

काही बायकांनी माना खाली घातल्या. आत्याबाईने सगुणाला मांडीवर सावरून घेतलं. मग ती सरदारीणबाईकडे न पाहता, सगळ्या अंगणाकडे पाहत बोलली.

"मला मूल नाही, खरं आहे. पण मांडी आहे. या गावातलं प्रत्येक मूल या मांडीवर बसलंय, आणि मांडीला वजन कळतं. ही पोर चार महिन्यांची होती तेव्हा माझ्या पायाला मुंग्या यायच्या. आज ती मांडीवर आहे की नाही हे मला खाली बघून ठरवावं लागतं. तुमचा नातूही तसाच झालाय, सरदारीणबाई. दोरे वाढताहेत आणि मुलं कमी होताहेत. मी गाल दाबत राहिले. आता नाही दाबणार. ज्याला हा लाडू भरवायचा असेल त्याने आधी मला तो मुलगा आणून दाखवावा, जो तान्हेपणी हा खाऊन मोठा झाला."

नगरशेठचा चेहरा पांढरा पडला होता. त्याला वाटलं, आता हा डोंगर उठेल, निघून जाईल आणि त्याच्यामागोमाग तिसरी वाटही जाईल.

सेनापती उठला नाही. त्याने हातातला लाडू पाहिला, सगुणाला पाहिलं, आणि त्याच्या एवढ्या मोठ्या चेहऱ्यावर लाज पसरली.

"बाई," तो म्हणाला, "हा लाडू आम्ही मोहिमेवर निघताना बरोबर घेतो. दगडाने फोडून, दिवसभर तोंडात चघळत घोडा हाकतो. तान्ह्याला कोण देईल हा? घशात अडकेल की. आमची पोरं सहा महिने आईच्या दुधावर असतात. मग दूध चालूच असतं, आणि बरोबर नाचणीची खीर, मऊ भात, शिजवलेलं रताळं, जे घरात असेल ते. मीही त्यावरच वाढलो."

"मग इकडे हे कशाला आणलंत?"

"मी पेजच आणणार होतो. धर्मशाळेत म्हणाले, साधं नेलंत तर यजमान अपमान धरतील."

अंगणात आधी कुणीतरी खोकलं. मग आत्याबाईने मान वळवून वाळवंटाकडच्या व्यापाऱ्याला विचारलं, की उंटिणीची साय तुमच्या पोरांना चालते ना? तो दाढी कुरवाळत म्हणाला, छे, आमच्याकडे बाजरीची पातळ पेज आणि मऊ शिजवलेली डाळ. साय तर आम्ही गडीमाणसं भाकरीवर घेतो. समुद्राकडच्याने न विचारताच सांगून टाकलं, की शिंपल्याच्या भस्माने आम्ही भिंती सारवतो. त्याच्या घरची पोरं भात आणि काटे काढलेला मासा कुस्करून खात. कडू मुळीवाला त्या दिवशी नव्हता, त्यामुळे तो वाचला.

म्हणजे पाहा. तिन्ही वाटांच्या टोकांना, दूरदूरच्या मुलखांत, जी बाळं गुटगुटीत वाढत होती ती घरच्या साध्या अन्नावर वाढत होती. आणि त्यांच्या नावाने जगात कुठलंच बाळ खात नाही असलं काहीतरी फक्त एकाच गावातल्या बाळांच्या तोंडात कोंबलं जात होतं. पाहुणे यजमानांची मर्जी राखत होते, यजमान पाहुण्यांची. या दोन मर्जींच्या मध्ये जे चिरडलं जात होतं त्याला बोलता येत नव्हतं.

नगरशेठ खाली बसला. म्हणाला, पण पाहुण्याचा हात रिकामा कसा परतवू? सेनापतीने आता मऊ भात भरवला तर?

"आज कुणीच भरवणार नाही," आत्याबाई म्हणाली. "तिने हातांचा धसका घेतलाय."

तिने भावजयीला हाक मारली आणि भाताची वाटी मागवली. मुगाची डाळ घातलेला, गुरगुट्या शिजवलेला, वर थोडं तूप. वाटी तिने सतरंजीवर ठेवली, सगुणाला वाटीपुढे बसवलं आणि पाठीला एक लोड लावला. मग ती म्हणाली, "आता सगळ्यांनी तिकडे तोंड करा."

मानकऱ्यांना ऐकू आलं ते खरं वाटेना.

"ती भिंतीला भीत नाही, वाटीला भीत नाही. आपल्याला भिते. पाठ फिरवा."

आधी सेनापती वळला. तो वळला म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? व्यापारी वळले, मानकरी वळले, सरदारीणबाईही पदर सावरत वळली. नगरशेठच्या अंगणात तिवाट नगर पाठमोरं बसलं. त्यात काही फेटे होते, काही अंबाडे होते, आणि मधोमध सेनापतीची पाठ होती, तटबंदीसारखी.

बराच वेळ काही झालं नाही. कुणीतरी कुजबुजलं, की हा खुळेपणा आहे. आत्याबाईने नुसतं त्याचं नाव घेतलं, तो गप्प झाला.

मग वाटी कलंडल्याचा आवाज आला. नगरशेठ मागे बघणार, तेवढ्यात बायकोने त्याचं उपरणं ओढून धरलं. पुन्हा शांतता. आणि मग पाठमोऱ्या गावाला एक अगदी बारीक आवाज ऐकू आला.

चपचप. चपचप.

सगुणाच्या आईने तोंडात पदर कोंबला. सनईवाला म्हातारा डोळे पुसू लागला. कुणीही वळलं नाही. एवढं मात्र गावाच्या नावावर लिहून ठेवलं पाहिजे.

थोड्या वेळाने सेनापती दचकला. त्याच्या पाठीवर काहीतरी गार, ओलं, चिकट लागलं होतं. तो सावकाश वळला. सगुणा पोटावर सरकत सरकत त्याच्यापर्यंत पोचली होती. केसांत भात, नाकावर भात, आणि पुढे केलेल्या मुठीत कुस्करलेला भात. ती मूठ तिने त्याच्या तोंडाच्या दिशेने उचलली आणि वाट पाहत राहिली.

तो डोंगराएवढा माणूस वाकला. सगुणाच्या मुठीतून त्याने तो घास खाल्ला, चाटूनपुसून खाल्ला.

सगुणा हसली.

सेनापतीने डबी मिटली. नगरशेठला म्हणाला, "मी पुष्कळ राजांच्या पंक्तीला बसलो. मला भरवलं मात्र आज पहिल्यांदा कुणी." आणि जाताना आपणहून वचन देऊन गेला, की पठाराची वाट या गावाला कधी बंद होणार नाही.

आता तुम्हाला वाटेल, त्या एका वाटीने सगुणा गुटगुटीत झाली. तसं झालं नाही. एका वाटीने मूल गुटगुटीत होतं असं जो सांगतो, त्याला गावाबाहेर काढा. तिला बरेच महिने लागले. ती कधी दोन घास खाई, कधी वाटी उलथवून हसे, आणि मान फिरवली की आत्याबाई वाटी उचलून नेई. आई तिला दूध पाजत राहिली आणि आता तिला त्याबद्दल कुणी टोचून बोलत नव्हतं. भात झाला, मग नाचणी झाली, मग तो बदनाम नारिंगी भोपळाही झाला. हळूहळू घरच्यांच्याच भांड्यातलं, तिखट-मीठ घालायच्या आधी बाजूला काढलेलं. मग एक दिवस सगुणाला मांडीवरून उतरवून आत्याबाई उठायला गेली आणि तिला उठता येईना. पायाला मुंग्या आल्या होत्या. ती तशीच बसून राहिली, मुंग्या जाऊ नयेत म्हणून.

गावातल्या पाळण्यांवरचे दोरे एकेक करून उतरले, सरदारीणबाईने मात्र आपले दोरे लगेच काढले नाहीत. पण तिचा नातू रोज रांगत समोरच्या घरी जाऊ लागला. एकदा ती त्याला शोधत आली, तर तो सगुणाच्या शेजारी बसून दोन्ही हातांनी भोपळा ओरपत होता. ती दारात उभी राहून पाहत राहिली. दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा तिच्या हातात घरून आणलेली वाटी होती. आत्याबाईने तिच्यासाठी पाट मांडला. दोघीही त्या दिवशीच्या बोलण्याबद्दल कधीच बोलल्या नाहीत. दोऱ्यांचं पुढे काय झालं म्हणाल, तर सरदारीणबाई त्यांनी मेथीच्या जुड्या बांधू लागली.

असं नका समजू की तिवाटने नव्या गोष्टींना दार लावून घेतलं. एकदा पठारावरची एक बाई आली. तिने सांगितलं, की नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून दळली तर बाळांना जास्त सोसते. आत्याबाईने विचारलं, तुझ्या पोरांना दिलीस? बाईने मागे वळून हाक मारली, तर तिच्यामागून दोन धट्टीकट्टी मुलं पुढे आली. आत्याबाईने त्याच दिवशी नाचणी भिजत घातली. आणि गावातल्याच एका म्हाताऱ्याने जेव्हा सांगितलं, की आपल्या पूर्वजांच्या काळी तान्ह्यांना अमुक एक मुळी उगाळून देत असत, तेव्हाही तिने तोच प्रश्न विचारला. पूर्वज साक्षीला येऊ शकले नाहीत. मुळी गेली उकिरड्यावर.

आणि पाहुण्याचा घास? तो तिवाटमध्ये अजून आहे. फक्त हाताची दिशा बदलली. पाहुणा आता बाळाच्या समोर जमिनीवर बसतो आणि वाट पाहतो. बाळाच्या मनात आलं तर ते आपल्या वाटीतला एक घास त्याला देतं. नाही आलं तर पाहुणा हात जोडून उठतो आणि कुणी अपमान धरत नाही. वेशीवरच्या धर्मशाळेतही आता येणाऱ्याला एवढंच सांगतात, की गाठोडं इथेच ठेवा आणि भूक तेवढी घेऊन जा.

या गोष्टीचं सांगणं एवढंच: बाळाचं पोट ही मोठ्यांची प्रतिष्ठा मिरवायची जागा नव्हे, त्याच्यापुढे घरचं साधं, मऊ, ताजं अन्न ठेवावं, आणि किती खायचं ते त्याचं त्याला ठरवू द्यावं.